मालकाचा आवाज, मेकॅनिकचा हात

जुना रेडिओ आता फर्निचर झालाय. बांद्र्याच्या कॅफेत जा, कोथरूडच्या दिवाणखान्यात जा, नाहीतर लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने लावलेली मांडणी बघा. मर्फीचा लाकडी सेट, शेजारी पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन, वर पिवळा दिवा. मालक पाहुण्याला सांगतो, हा आमच्या आजोबांचा. झूठ! चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून दुसऱ्याच कुणाच्या तरी आजोबांचा उचलून आणलेला असतो. या शहरात आता आजोबासुद्धा रोख पैसे मोजून मिळतात.

मी हे सेट दुरुस्त करतो. व्हॉल्व्हचे रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, चावीचे ग्रामोफोन. लॅमिंग्टन रोडच्या मागे एका जिन्याखाली माझं टेबल आहे. पंचवीस वर्षं झाली. जुन्या वस्तूंचा मोह कसा गोड असतो वगैरे लिहायला मी बसलेलो नाही. ते लिहिणारे रविवारच्या पुरवणीत पुष्कळ आहेत, त्यांना त्याचं मानधन मिळतं. मला एक भांडण मांडायचंय. या धंद्यात दोन चोऱ्या राजरोस चालू आहेत. पहिली हाताच्या विद्येची. दुसरी आवाजाची. दोन्हींत माल आमचा गेलाय आणि फिर्याद कुणीच केलेली नाही. ती मी इथे करतो.

आधी विद्या म्हणजे काय ते ऐका. चाळीस वर्षं माळ्यावर पडलेला सेट कुणीतरी घेऊन येतो. अडाणी माणूस काय करतो? पिन लावतो आणि बटण दाबतो. फट्. खेळ खलास. जाणता माणूस आधी मेन लाइनमध्ये शंभर वॅटचा बल्ब सिरीजला टाकतो. आत कुठे शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर समजायचं, धुगधुगी आहे. मग कंडेन्सर तपासायचे. फिल्टरचा कंडेन्सर सुकला की स्पीकरमधून घूंऽऽ असा एकसुरी आवाज येतो, तो लपत नाही. कागदी कंडेन्सरचं दुखणं जास्त बेरकी. बाहेरून धडधाकट, आतून गळका. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा हा एक कंडेन्सर गळला की नको तिथे व्होल्टेज पोचतं, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर करंट ओढतो, त्याची प्लेट लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. पाच-दहा रुपड्यांच्या पार्टपायी अख्खा सेट मातीत. हे वास घेऊन, रंग बघून, मीटर लावून ओळखायचं असतं.

एसी-डीसी सेट तर साक्षात यमदूत. त्याला मेनचा ट्रान्सफॉर्मरच नसतो. व्हॉल्व्हची फिलामेंटं माळेसारखी ओवून सरळ घरच्या लाइनला जोडलेली. चेसिसचा पत्रा लाइनच्या एका तारेशी बांधलेला. पिन उलटी बसली की अख्खं चेसिस जिवंत. म्हणून आमचे उस्ताद सांगायचे, चालू सेटमध्ये एकच हात घालायचा, दुसरा खिशात ठेवायचा. का? करंट एका हाताने शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडू नये म्हणून. सेट बंद केला तरी कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. ते आधी रेझिस्टन्स लावून उतरवायचे, मग बोट लावायचं.

रेकॉर्ड प्लेअरचं शास्त्र आणखी वेगळं. मोटरची गती थाळीला देणारं रबरी चाक वर्षानुवर्षांत दगडासारखं कडक होतं. मग गाणाऱ्याचा आवाज दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. लोक म्हणतात रेकॉर्ड खराब झाली. रेकॉर्ड ठणठणीत असते, चाक मेलेलं असतं. जुन्या पिकअपमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असायचा. तो हवेतली ओल पितो. मुंबईचे चार पावसाळे खाल्ले की त्याची माती होते. चावीच्या ग्रामोफोनची स्प्रिंग तर उघडताना बेसावध राहिलात तर बोटंच घेऊन जाते.

हे सगळं भौतिकशास्त्र आहे. विद्यापीठातला माणूस फळ्यावर लिहितो तेच आम्ही डाख देताना करतो. आज हे ज्ञान बरंचसं उरलंय ते जिन्याखाली, फुटपाथवर, म्हाताऱ्या हातांत. आणि त्याला आपला देश म्हणतो काय? जुगाड. एअर कंडिशन्ड प्रयोगशाळेत केलं की इनोव्हेशन, आम्ही केलं की जुगाड. इंग्रजी बोलणाऱ्याने अ‍ॅप्रन घालून केलं की तो रेस्टोरर, आम्ही केलं की 'ए मेकॅनिक, इकडे ये.' काम तेच, पार्ट तोच, आगही तीच. फक्त तोंडातली भाषा बदलली की दामापुढे शून्य चढतं. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक खात्याने 'राइट टू रिपेअर'ची भाषा सुरू केली, त्याचं पोर्टलही निघालं. चांगलं झालं. पण आमच्या वस्त्यांनी वस्तू फेकून देण्याची चैन केली कधी? दुरुस्तीचा हक्क तुम्हाला आत्ता सुचला. आम्ही दुरुस्तीवर जगत आलो. तुमच्या त्या हक्कात दुरुस्ती करणाऱ्याचा हक्क कुठल्या कलमात बसवलाय, तेवढं सांगा.

आता घडलेलं सांगतो. 'हेरिटेज' वस्तू विकणारा एक दुकानदार माझ्याकडे पाच व्हॉल्व्हचा सेट घेऊन आला. नाव लिहीत नाही, असे पन्नास आहेत. अकरा संध्याकाळी मी त्या सेटवर बसलो. कंडेन्सर बदलले, आउटपुट ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळला, डायलचा तुटलेला दोरा चढवला, आयएफ जुळवली. अडीच हजार रुपये हातावर ठेवून तो गेला. दोन महिन्यांनी तोच सेट एका प्रदर्शनात दिसला. किंमत अठ्ठेचाळीस हजार. शेजारी जाड कागदाचं कार्ड. लाकूड कुठलं ते लिहिलेलं, साल लिहिलेलं, आधीचा मालक कुठल्या खानदानाचा तेही लिहिलेलं. दुरुस्त कुणी केला? 'प्रेमाने पुनरुज्जीवित.' प्रेमाने! प्रेमाला सोल्डरिंग येतं हे मला तेव्हा कळलं.

हे तरी एक वेळ गिळलं असतं. पुढचं गिळता येत नाही.

जुना सेट मागून उघडला की कॅबिनेटच्या आतल्या लाकडावर नेहमी काहीतरी लिहिलेलं सापडतं. पेन्सिलीने. एखादी तारीख, बदललेल्या व्हॉल्व्हचा नंबर, नावाची दोन अक्षरं. एक ओळ मराठीत, खाली गुजरातीत, त्याखाली उर्दूत. म्हणजे हा सेट तीन हातांतून गेला, तीन कारागिरांनी तो जगवला आणि प्रत्येकाने पुढच्याला निरोप ठेवला की बाबा, हे मी बदललंय, हे तू बघ. डॉक्टरच्या केसपेपरसारखं. नंतर एकदा तोच दुकानदार दुसरा सेट घेऊन आला आणि म्हणाला, 'आतली ही गिचमिड पॉलिश पेपरने घासून टाक, गिऱ्हाइकाला स्वच्छ लाकूड पाहिजे.' मी नाही म्हणालो. सेट परत दिला. त्याने दुसऱ्याकडून घासून घेतला.

विचार करा. डोंगरात राजाचा शिलालेख सापडला तर सरकार कुंपण घालतं, पाटी लावतं, पाहारेकरी नेमतं. कामगाराचा शिलालेख सापडला तर शंभर नंबरचा पॉलिश पेपर. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग नावाच्या ग्रामोफोन कंपनीच्या माणसाने कलकत्त्यात गौहर जानचा आवाज घेतला. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. गाणं संपलं की गौहर जान इंग्रजीत आपलं नाव सांगून मोकळी व्हायची. परमुलखातल्या कारखान्यात आपला आवाज कुणा दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये, एवढी ती बाई शहाणी होती. तिने नाव खाचेतच कोरलं, म्हणून ते पुसता आलं नाही. आमच्या उस्तादांनी पेन्सिलीने लिहिलं, म्हणून पुसलं गेलं. फरक एवढाच.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिलं की जात ही कामांची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडते आणि त्यांची उतरंड लावते. रेडिओ दुरुस्तीची जात कुठल्याच स्मृतीत नाही. मनूला व्हॉल्व्ह माहीत नव्हता. म्हणून तर हा धंदा मोकळा होता. एका टेबलावर मुसलमान उस्ताद, आयटीआय केलेलं आपलं पोरगं, कोकणातून आलेला कुणबी, असे सगळे एका डब्यात जेवताना मी पाहिलेत. पण या देशात मोकळी जागा मोकळी राहू देत नाहीत. धंद्यात पैसा दिसायला लागला तशी इथेही उतरंड लागली. वर काचेच्या शोरूममध्ये गोष्ट सांगणारा, खाली जिन्याखाली काम करणारा. आणि त्याच्याही खाली भंगार फोडणारा. तुमचे फेकलेले सर्किट बोर्ड दिल्लीच्या सीलमपुरात आणि आपल्या धारावी-कुर्ल्यात कोण फोडतं, कोण जाळतं, शिशाचा धूर कुणाच्या छातीत जातो, हे काय मी सांगायला पाहिजे?

इथे आपल्यातलेच काही शिकलेले मित्र मला थांबवतात. म्हणतात, 'बाबासाहेबांनी हातची कामं सोडायला सांगितली. शिका, साहेब व्हा. आणि तू पोरांना पुन्हा पान्हा-पक्कड धरायला सांगतोस?' मित्रांनो, नीट वाचा. बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती जन्माने लादलेली कामं. मेलेली ढोरं ओढणं, गावकीची वेठ. यंत्राची विद्या सोडा असं ते कधीच म्हणाले नाहीत. व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ मजूर खातं त्यांच्याकडे होतं, तेव्हा कामगारांच्या तांत्रिक शिक्षणाचा प्रश्न त्यांच्याच टेबलावर होता. युद्धानंतर या देशात वीज कशी वाढवायची ते ठरवायला १९४३ साली समिती बसली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. घराघरांतले रेडिओ ज्या विजेवर लागणार होते, तिच्या धोरणात त्यांची अक्कल आहे. तेव्हा विजेला हात लावताना लाजायचं कारण नाही. लाज त्याने बाळगावी, जो दुसऱ्याच्या हातचं आपल्या कार्डावर छापतो.

आता दुसरी चोरी. आवाजाची.

एचएमव्हीच्या तबकडीवरचं ते कुत्रं सगळ्यांना माहीत आहे. फ्रान्सिस बॅरॉ नावाच्या इंग्रज चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते रंगवलं. कर्ण्यासमोर कुत्रं बसलंय, मान वाकडी करून ऐकतंय. खाली लिहिलंय 'हिज मास्टर्स व्हॉइस'. मालकाचा आवाज. आज घराघरात, कॅफेकॅफेत ते कुत्रं हौसेने टांगतात. चोरबाजारात नवा पितळी कर्णा, नवी पेटी, वर कुत्र्याचा नवा बिल्ला चिकटवून शंभर वर्षांचा ग्रामोफोन म्हणून गळ्यात मारतात. त्यातून आवाज धड येत नाही. कुणाला हवाय आवाज? मालकाच्या चित्रावर भागतं.

पण ही तबकडी बनली कशाची? ७८ची काळी तबकडी म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक इवलासा किडा बसतो, रस पितो आणि लाख सोडतो. ती लाख छोटा नागपूरच्या जंगलात आदिवासी पिकवत आले, फांद्यांवरून खरवडत आले. ती साफ करून तिची शेलॅक झाली, तिच्यात दगडाची पूड आणि काजळी कालवून तबकड्या दाबल्या गेल्या. युरोप-अमेरिकेतल्या तबकड्यांतसुद्धा इथली लाख होती. बाकी जगाने ७८ला रामराम ठोकला, तरी आपल्याकडे ती साठच्या दशकातही निघत होती. म्हणजे उस्ताद-पंडितांचे सूर, राजेरजवाड्यांच्या मैफली, नाट्यसंगीत, सगळं टिकलं ते आदिवासीच्या हातच्या लाखेवर. आणि तुमच्या लाकडी कॅबिनेटला जे फ्रेंच पॉलिश करतात ना, ती स्पिरिटमध्ये विरघळवलेली हीच लाख. आरसासुद्धा तिचाच. तबकडीच्या लेबलवर गायकाचं नाव आहे, कंपनीचं आहे, कुत्र्याचं चित्र आहे. लाख पिकवणाऱ्याचा उल्लेख शोधून दाखवा.

रेडिओवरही दारात पहारा होताच. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी घातली. कारण सांगितलं सुरांचं, की या पेटीला आपल्या रागांतल्या बारीक जागा घेता येत नाहीत. ठीक आहे, तो वाद गवयांचा. पण पेटीवर कोण जगत होतं? कव्वाल, शाहीर, भजनी, जलसेवाले. आंबेडकरी जलसा पेटी-ढोलकीवर उभा राहिला. भीमराव कर्डकांसारख्यांनी वस्त्यावस्त्यांत जाऊन तो उभा केला. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडावं लागलं. तीस वर्षं! १९५२ साली माहिती-नभोवाणी मंत्री केसकर सिनेमाच्या गाण्यांवर घसरले, तेव्हा लोकांनी काटा सिलोनकडे फिरवला आणि सरकारला गुडघ्यावर आणलं, १९५७ साली विविध भारती निघाली. जलशाला मात्र दुसरं सिलोन नव्हतं.

तरीही रेडिओने एक गोष्ट केली, ती त्याच्या मालकाच्या मनात नसताना. माझी आजी सांगायची, गावात चावडीवर सरकारी रेडिओ बसवला. आम्हाला चावडीवर चढायची चोरी. आम्ही खाली, रस्त्याच्या पलीकडे उभे राहून ऐकायचो. आवाजाला वेस अडवता आली नाही. पाण्याला अडवलं, देवळाला अडवलं, पण आवाज यायचा. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साथीने सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालवली. जगभर त्या प्रयोगाचं कौतुक झालं. मला त्यात एकच विचारायचं असतं : सेटपासून महारवाडा किती पावलांवर होता?

पुढे आजी मुंबईला आली, नायगावला राहिली. १९५६च्या ६ डिसेंबरची बातमी तिला नाक्यावरच्या हॉटेलातल्या रेडिओने दिली. ती सांगायची, रेडिओ बोलला आणि भरलेले कप टेबलावर तसेच राहिले. सगळी माणसं रस्त्यावर आली. त्याच्या दोन वर्षं आधी, ३ ऑक्टोबर १९५४ला, बाबासाहेब स्वतः रेडिओवर बोलले होते. आपलं तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत आहे आणि ते आपण फ्रेंच क्रांतीकडून नाही, बुद्धाकडून घेतलं, हे त्यांनी हवेवरून सांगितलं. तेव्हा घरोघर ट्रान्झिस्टर नव्हता. ज्या सेटमधून तो आवाज बाहेर पडला तो असाच व्हॉल्व्हचा, गरम होणारा, घुर्रर्र करणारा सेट होता. कुणी कारागिराने त्याचा कंडेन्सर बदलला होता म्हणून तो बोलत होता. तुमच्या दिवाणखान्यातला मुका डबा आणि हा सेट, दोघांचं लाकूड एक असेल. आठवण एक नाही.

आज 'रेस्टोर' म्हणून काय विकतात? आतलं चेसिस उपटायचं, व्हॉल्व्ह वेगळे काढून विकायचे, पोकळ पेटीत ब्लूटूथचा बोर्ड बसवायचा. काचेवर सिलोन, दिल्ली, लंडन छापलेलं, काटा फिरतो, पण कुठेच जात नाही. विचारलं तर म्हणतात, 'मीडियम वेव्हवर आता ऐकायला आहे काय?' खरं आहे, मीडियम वेव्हची कितीतरी केंद्रं बंद झाली. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२०ला थांबलं. हवेतलं कमी झालं, म्हणून पेटीतलं काढून टाकायचं? मग तुम्ही जपता ते काय? मढ्याला पावडर लावून खुर्चीत बसवलंय आणि त्याला वारसा म्हणताय.

पोरं मला म्हणतात, 'दादा, मोबाइलवर सगळं मिळतं. भंगार कशाला कवटाळतोस?' सगळं मिळत नाही, बाळा. वर चढवलेलं तेवढंच मिळतं. वामनदादा कर्डकांनी हजारोंनी गाणी लिहिली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांचे आवाज तबकड्यांवर आले, छोट्या ४५च्या तबकड्यांवर भीमगीतं निघाली, जयंतीला कर्ण्यावर वाजून वाजून झिजली. संग्राहकांच्या याद्या मी पाहतो. सिनेमा आहे, शास्त्रीय आहे, नाट्यगीत आहे, एकेका तबकडीवर लिलाव चालतो. भीमगीताची तबकडी आली की तो भाव विचारत नाही, बाजूला सारतो, किलोवर देतो. जी तबकडी कुणी विकत घेत नाही, ती कोण जपणार? जो जपतो त्याचाच आवाज उद्या इतिहास म्हणून वाजणार. आमच्या आवाजासाठी आमच्याच हातात चालू रेकॉर्ड प्लेअर पाहिजे. दुसऱ्याच्या दिवाणखान्यात तो वाजणार नाही.

म्हणून बडबड पुरे. काय करायचं ते सांगतो.

आधी घरातल्या ट्रंका उघडा. आजीला, मावशीला, जुन्या मंडळाच्या सेक्रेटरीला विचारा. तबकड्या निघाल्या तर भंगारवाल्याला देऊ नका. आडव्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. काळ्या ७८ला स्पिरिट चुकूनही लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आत्ताच सांगितलं. मऊ ब्रश, साधं स्वच्छ पाणी, थोडा सौम्य साबण, लेबल कोरडं. ७८ची खाच रुंद, तिला जाड सुई लागते. ३३ आणि ४५ला बारीक. चावीच्या ग्रामोफोनवर ४५ची तबकडी ठेवलीत तर पोलादी सुई पहिल्याच फेरीत तिचं वाटोळं करील. पोलादी सुई एका बाजूला एक, मग फेकायची. आणि तबकडी वाजली की तेवढ्यावर थांबू नका, तिचा आवाज उतरवून घ्या, दोन-चार ठिकाणी ठेवा, वर गायकाचं, कवीचं, वाजवणाऱ्यांचं नाव लिहा.

प्रत्येक अभ्यासिकेत पुस्तकाच्या कपाटाशेजारी एक टेबल टाका. सिरीजचा बल्ब, मीटर, सोल्डरिंगची इस्त्री, पक्कड. महिन्यातून दोन रविवार. जे म्हातारे मेकॅनिक अजून आहेत, मग ते कुठल्याही जातीधर्माचे असोत, त्यांना मानाने बोलवा, खुर्ची द्या, पैसे द्या. त्यांचं ज्ञान त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका. आणि पोरींना टेबलाच्या या बाजूला बसवा. चहा आणायला नाही, चेसिस उघडायला.

आणि दाम मागा. रोख. 'आवडीचं काम आहे ना तुमचं' असं म्हणून घासाघीस करणाऱ्याला दार दाखवा. अकरा संध्याकाळींचा हिशेब अकरा संध्याकाळींनी करा. जो दुकानदार कार्डावर कारागिराचं नाव छापणार नाही, त्याचं काम एकाही टेबलावर घ्यायचं नाही, हे आपसात ठरवा. एकट्याने नाही म्हटलं की तो शेजाऱ्याकडे जातो, हे मी भोगलंय. सगळ्यांनी एकदम नाही म्हणायला पाहिजे.

शेवटचं. सेट बंद करून पाठीमागची फळी बसवण्याआधी पेन्सिल उचला. आतल्या लाकडावर ठळक लिहा. आपलं पूर्ण नाव, वस्ती, तारीख, काय बदललं ते. पेन्सिलीची भीती वाटत असेल तर खिळ्याने कोरा. मग येऊ दे पॉलिश पेपर घेऊन कुणाला यायचंय ते.